आई किती पीसीयूची?

एक टांगा म्हणजे किती मोटारी?

हे कोडं नाही. याचं उत्तर छापलेलं आहे. शहरातल्या रस्त्यांची क्षमता कशी काढायची हे सांगणारी 'आयआरसी:१०६' नावाची इंडियन रोड्स काँग्रेसची १९९०ची मार्गदर्शिका आहे. तिच्यात एक छोटासा तक्ता आहे. मोटार म्हणजे १. दुचाकी ०.५, पण रस्त्यावर दुचाक्यांचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. रिक्षा १.२ ते २. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. टांगा १.५ ते २. हातगाडी २ ते ३. या एककाचं नाव पॅसेंजर कार युनिट, म्हणजे पीसीयू.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे पीसीयू हा शब्द कॉलेजात कधी कानावर पडला नाही. तो सिव्हिलवाल्यांचा प्रांत. मग नोकरी लागली ती चौकातल्या कॅमेऱ्यांच्या व्हिडिओवरून वाहनं मोजणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, आणि तेव्हापासून रोज पीसीयू. पहिल्यांदा तक्ता बघितला तेव्हा हसू आलं होतं. पण आपल्या रस्त्यावर एकाच वेळी बस, बुलेट, टेम्पो आणि सायकल चालणार असेल, तर 'किती गाड्या गेल्या' या प्रश्नाला अर्थ यायला सगळ्यांना एका मापात आणावंच लागतं. किराणा दुकानात पोती आणि पुड्या दोन्ही किलोत मोजतात, तसंच.

मोजून करायचं काय, हा पुढचा प्रश्न. इथे ब्रूस ग्रीनशील्ड्स भेटतात. १९३०च्या दशकात या अमेरिकन इंजिनिअरने ओहायोमध्ये रस्त्याकडेला कॅमेरा लावून गाड्यांचे फोटो घेतले आणि गर्दी वाढली की वेग कसा घटतो याचा आलेख काढला. त्याला दिसली सरळ रेषा. १९३५ सालचं हे काम आजही या विषयाचा पहिला धडा आहे. मूळ सूत्र तर शाळेतलं वाटावं इतकं सोपं आहे: प्रवाह = घनता × वेग.

आता एक गंमत बघा. समजा, एका लेनवर रस्ता रिकामा असताना गाड्या ताशी ६० किलोमीटरने जातात. आणि एका किलोमीटरमध्ये १२० गाड्या झाल्या की सगळं ठप्प. ग्रीनशील्ड्सची रेषा लावली तर किलोमीटरमध्ये २० गाड्या असताना वेग येतो ५०, म्हणजे तासाला १,००० गाड्या. किलोमीटरमध्ये १०० गाड्या असताना वेग येतो १०, म्हणजे पुन्हा तासाला १,०००च. पहिल्या रस्त्यावरचा माणूस गाणी ऐकत चाललाय, दुसऱ्यावरचा हॉर्न वाजवून थकलाय, आणि चौकात बसून गाड्या मोजणाऱ्याच्या वहीत आकडा एकच. नुसत्या मोजणीवरून रस्त्याची अवस्था कळत नाही, हे मला या उदाहरणाने शिकवलं.

या विषयाच्या मी प्रेमातच पडले. लाइटहिल आणि व्हिटम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ साली एक जोडलेख लिहिला. पहिला भाग लांब नद्यांमधल्या पुराबद्दल, दुसरा लांब रस्त्यांवरच्या गर्दीबद्दल, आणि दोन्हींमागचं गणित एकच. पुढच्याने ब्रेक दाबला की त्याची लाट मागे सरकत जाते. गाड्या पुढे, लाट मागे. २००८ साली जपानी संशोधकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना एकच सूचना: सारख्या वेगाने चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्या वेळाने एका ठिकाणी गाड्या थांबल्या आणि तो थांबलेला पुंजका साधारण ताशी २० किलोमीटरने मागे मागे फिरू लागला. घाटातला जाम सुटल्यावर 'अरे, पण पुढे तर काहीच नव्हतं!' असं आपण म्हणतो ना, तेच हे.

म्हणून आमच्या पुण्यातल्या घरासमोरच्या रस्त्यावरचा दुभाजकातला कट बंद झाला, तेव्हा त्यामागचं कारण मला लगेच समजलं. कटपाशी कोणीतरी वळायला थांबतं, मागचा ब्रेक दाबतो, लाट मागे जाते. कट बंद केला की लाटेचं उगमस्थानच गेलं. संध्याकाळी ऑफिसहून येताना फरक जाणवायचा. गाड्या खरंच न अडखळता जायच्या.

त्या कटमधून माझी आई रस्ता ओलांडायची. पलीकडे तिची भाजीवाली, दत्ताचं देऊळ आणि मंगळवारचं भजनी मंडळ. आता जवळचा सिग्नल सहाशे मीटरवर. म्हणजे पलीकडे जायला सहाशे मीटर चालत जायचं, ओलांडायचं आणि तेवढंच परत यायचं. तीस मीटरच्या रस्त्यासाठी बाराशे मीटर. आईचे गुडघे दुखतात. काही आठवडे तिने केलं. मग भजनाला जाणं कमी झालं, भाजी फोनवरून येऊ लागली. अगदीच जायचं असेल तर ती रिक्षा करते. रिक्षा पुढे जाऊन यू-टर्न घेते आणि देवळाच्या दारात सोडते.

एकदा मी लॅपटॉपवर काम करत असताना ती मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर एका चौकाचा व्हिडिओ होता, प्रत्येक गाडीभोवती रंगीत चौकट.

"अगं, यात मी दिसले असते का?" तिने विचारलं.

"दिसली असतीस. सॉफ्टवेअरला माणूस ओळखता येतो."

"मग त्या बायकांभोवती चौकट का नाही?"

कारण रिपोर्टमध्ये माणसांचा रकानाच नाही. कामाच्या करारात बारा प्रकारची वाहनं आहेत, त्यांचीच मोजणी मागितलेली आहे. माणूस ओळखला जातो आणि पुढच्या पायरीला गाळला जातो. मी तिला म्हटलं, "कॅमेऱ्यात दिसशील, एक्सेलमध्ये नाही." ती हसली. मला त्या रात्री झोप जरा उशिराच लागली.

कारण गणित मांडून बघितलं तर ते असं येतं: पायी रस्ता ओलांडणारी आई शून्य पीसीयू. तीच आई रिक्षात बसली की किमान १.२. शिवाय ती रिक्षा यू-टर्नला थांबून नवी लाट तयार करते. शेजारचा पाचवीतला मुलगा आधी समोरच्या शाळेत चालत जायचा, आता त्याचे बाबा त्याला स्कूटरवर सोडतात. रोज दोन फेऱ्या. कट बंद केल्यावर वाहनं वाढली तर मॉडेल म्हणेल, मागणी वाढली, रस्ता रुंद करा. ही मागणी कुठून आली हे त्याला कधीच कळणार नाही, कारण ती आधी ज्या रूपात होती त्या रूपात कोणी मोजलीच नव्हती.

पादचाऱ्यांचा विचार नियमांत नाही असं मुळीच नाही. त्यांच्यासाठी आयआरसी:१०३ ही वेगळी मार्गदर्शिका आहे. तिच्या १९८८च्या आवृत्तीत, चौकापासून दूर नियंत्रित क्रॉसिंग कधी द्यावं याचं एक सूत्र आहे. गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार वीस कोटींच्या पुढे गेला तर क्रॉसिंग द्यावं. वाहनांचा वेग, ताटकळण्याचा वेळ, अपघात अशा इतर अटीही आहेत, त्यांतली एक पुरली तरी चालतं. पण हे सूत्र बघाच. समजा, तासाला १,६०० वाहनं आहेत. वर्ग पंचवीस लाख साठ हजार. ७८ माणसं ओलांडत असतील तर गुणाकार १९ कोटी ९६ लाख ८० हजार. क्रॉसिंग नाही. ७९ असतील तर २० कोटी २२ लाख ४० हजार. क्रॉसिंग मिळेल.

आकडे मी सोयीचे घेतलेत, पण मुद्दा तोच राहतो. एकोणऐंशीवं माणूस घरी बसलंय. रस्ता ओलांडणं जितकं अवघड, तितकी ओलांडणारी माणसं कमी, आणि तितकी क्रॉसिंगची गरजही कागदावर कमी. सूत्र लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण घाबरून, दमून किंवा कंटाळून परत फिरलेला माणूस त्यात बसत नाही.

बसची गोष्टही याच घरातली. पन्नास माणसं भरलेली बस जास्तीत जास्त ३.७ पीसीयू. तेवढ्याच जागेतल्या मोटारींत प्रत्येकी दोन माणसं धरली तरी सात-आठच जण होतात. पीसीयू रस्त्याची व्यापलेली जागा मोजतं आणि ते काम चोख करतं. गडबड होते ती आपण त्या आकड्यालाच वाहतूक समजतो तेव्हा. वाहतूक म्हणजे शेवटी माणसं इकडून तिकडे जाणं. ग्रीनशील्ड्सच्या रेषेवर मी आजही फिदा आहे. फक्त घनता कशाची आणि वेग कोणाचा, हे आता आधी विचारते.

मागच्या महिन्यात मी टीमच्या यादीत एक नवं काम टाकलं. माणसांचा रकाना, आणि त्यात तीन गोष्टी: किती जणांनी ओलांडलं, कडेला किती सेकंद थांबले, आणि किती जण थांबून परत फिरले. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि कॅमेऱ्याला ती दिसू शकते. माणूस कडेपर्यंत येतो, दोन पावलं पुढे, एक मागे, मग वळून निघून जातो. हा मार्ग ओळखणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. एका शनिवारी जुन्या व्हिडिओवर चालवून बघितलं, बऱ्यापैकी जमलं.

मॅनेजरने विचारलं, "क्लायंटने मागितलंय का?"

अजून तरी नाही. पुढच्या मीटिंगला मी रिपोर्टच्या शेवटी ते एक पान जोडून नेणार आहे. वाहनांचं पान पहिलं, माणसांचं दुसरं. बघू या, कोणी उलटून बघतं का.