आळशी डोळ्याची शिकवणी

'लेझी आय'चं मराठी भाषांतर करून सासूबाईंना फोनवर सांगायची वेळ कुणावर येऊ नये. "आळशी डोळा? माझी नात आळशी?" सांगलीहून ताबडतोब गाजराच्या रसाचा सल्ला आला, पाठोपाठ साजूक तुपाचाही.

झालं होतं असं. किंडरगार्टनच्या नेत्रतपासणीत काहीतरी खटकलं म्हणून लेकीला डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा झाकल्यावर तिने तक्ता घडाघडा वाचला. डावा झाकला, तर म्हणाली, "दिवे का घालवले?" उजव्या डोळ्याला +५ नंबर, डाव्याला जेमतेम +१. तिरळेपणा मुळीच नाही, त्यामुळे सहा वर्षं ना आम्हाला कळलं, ना तिला. एक डोळा उत्तम काम करत असला की मूल तक्रार तरी कशाची करणार?

डोळ्यात दोष नंबरापुरताच, खरी गोची मेंदूत. एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र आलं की वाढत्या वयातला मेंदू त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकतो. (शब्द किती चपखल आहे पाहा!) ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून ही गोष्ट उलगडली. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणूनच उपचार लहानपणी करायची घाई.

आधी चष्मा, मग डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. ती पट्टी! रडारड, लाच म्हणून लाडू, आणि बसमध्ये कुणीतरी 'पायरेट' म्हटल्यावर दोन दिवस अबोला. पण २०/८०चे २०/४० झाले. आणि तिथेच गाडी अडली. चार महिने जागची हलेना.

तेव्हा डॉक्टरांनी ल्युमिनोपिया सुचवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली, ती चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी. आमची सातवी सरत आलेली, आणि विमा कंपनीने दोनदा नकार कळवला! तिसऱ्या अर्जाला होकार आला तेव्हा मी स्वयंपाकघरात चक्क रडले.

डोळ्यांवर हेडसेट चढवून कार्टून बघायचं, रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, बारा आठवडे. चांगल्या डोळ्याला चित्र फिकं दिसतं, आणि प्रत्येक डोळ्याला चित्राचे काही भाग झाकलेले असतात. पूर्ण चित्र हवं तर मेंदूला दोन्ही डोळे वापरावेच लागतात. आमच्या घरी शाळेच्या दिवशी टीव्ही बंद असतो, त्यामुळे धाकट्याने भोकाड पसरलं, "मला पण आळशी डोळा पाहिजे!"

नवरा सॉफ्टवेअरवाला, म्हणून जास्तच संशयी. आयपॅडवरच्या खेळाची पट्टीशी तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली होती, त्यात खेळ पट्टीहून सरस ठरला नव्हता. हे त्याने डॉक्टरांना ऐकवलंच. त्यांनी शांतपणे या हेडसेटच्या चाचणीचे आकडे सांगितले. १०५ मुलं, बारा आठवडे. नुसत्या चष्म्याने तक्त्यावर सरासरी ०.८ ओळ सुधारणा, हेडसेटसह १.८. म्हणजे एकच ओळ जास्त. जादू नाही. पण अडलेल्या गाडीला तेवढा धक्का पुरतो, असं मला वाटलं.

बारा आठवड्यांनी २०/३०. मला मात्र आकड्यापेक्षा माशी लक्षात राहिली. त्रिमितीच्या चाचणीत विशेष चष्मा लावून एका मोठ्या माशीचं चित्र दाखवतात आणि पंख चिमटीत धरायला सांगतात. पूर्वी लेकीने कागदावर सरळ बोट टेकवलं होतं. या वेळी हात हवेतच थबकला. "ई! वर आलीये ती!" म्हणून तिने मागे घेतला.

सुधारलेली नजर पुन्हा घसरू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. चष्मा तर आहेच. सासूबाईंना माशीची हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "गाजराचा रस चालू ठेव हो."