आजोबांची पत्र्याची पेटी

सणाच्या तोंडावर आपण घर झाडतो. माळ्यावरची अडगळ खाली येते. तिच्यातले जुने कागद रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी माझी ही गोष्ट ऐका.

आमचे आजोबा चार बुके शिकलेले. टपालाने 'दीनमित्र' आला, की रात्री कंदिलाच्या उजेडात ते मोठ्याने वाचीत. ओसरीवर आठ-दहा माणसे जमत. तंबाखू मळता मळता कुणी म्हणे, "आप्पा, तेवढं पुन्हा वाचा." वाचून झाले, की अंक पत्र्याच्या पेटीत जाई.

हा 'दीनमित्र' पुण्या-मुंबईचा नव्हता बरे! तो निघे आपल्या नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरच्या, नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून. संपादक मुकुंदराव पाटील. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर हे सत्यशोधक चळवळीतले. त्यांनी 1877 साली पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी 'दीनबंधू' हे साप्ताहिक काढले होते. मुकुंदराव तरवडीच्या पाटलांच्या घरी दत्तक आले आणि वडिलांचे काम त्यांनी खेड्यात नेले. 1910 साली सुरू केलेला 'दीनमित्र' त्यांनी 1967 साली डोळे मिटेपर्यंत चालवला. 57 वर्षे!

खेड्यातून पत्र चालवणे सोपे का होते? कागद, शाई, खिळे सारे बाहेरून आणायचे. वाचक शेतकरी, पाऊस रुसला की त्याचा खिसा रिकामा. त्यातून सावकाराचे व्याज, कुलकर्ण्याचे दप्तर, देवाधर्माच्या नावावरची लुबाडणूक यांवर रोखठोक लिहायचे. शहरातला संपादक लिहून मोकळा होतो. खेड्यातल्या संपादकाला सकाळी उठून त्याच माणसांना रामराम घालायचा असतो.

आणि आम्ही काय केले? 1972 चा दुष्काळ. आजोबा नव्हते. घरात दाणा नव्हता, आई-वडील खडी फोडायला जात. मी पेटीतला सारा गठ्ठा वाण्याकडे वजनावर घातला. चार दिवसांनी आईने हळदीची पुडी आणली. आजीने पुडी सोडली, हळद डब्यात ओतली, कागद गुडघ्यावर ठेवून हाताने सारखा केला आणि रिकाम्या पेटीत ठेवून दिला. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढे तरवडीला गेलो. तिथे मुकुंदरावांचे स्मारक आहे, 'दीनमित्र'चे जुने अंक जपून ठेवले आहेत. ते पाहताना आजोबांचा आवाज कानात आला आणि मान खाली गेली.

मंडळी, राजे-रजवाड्यांचा इतिहास लिहायला पुष्कळ माणसे आहेत. आपल्या बापजाद्यांनी काय सोसले, ते असल्या पिवळ्या कागदांतच सापडते. म्हणून आज पेटी उघडाल तेव्हा घाई करू नका. आधी कागद उलगडा. घरातल्या नातवंडाला हाक मारा आणि म्हणा, "बाळ, हे जरा मोठ्याने वाच."