मधल्या कार्डाची बाजू

सप्टेंबर २०२४ मध्ये एएमडीचे वरिष्ठ अधिकारी जॅक ह्यून यांनी उघडच सांगितलं, की सगळ्यात वरच्या श्रेणीच्या ग्राफिक्स कार्डांमागे धावण्यापेक्षा कंपनी आता जास्तीत जास्त लोकांच्या हातात कार्ड देण्याकडे लक्ष देणार. ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. मी बीडमध्ये पीसी जोडून देतो. वरच्या टोकाला एएमडी आणि एनव्हिडिया या दोन कंपन्यांची जुंपली तरच खालच्या माणसाला कार्ड स्वस्त मिळतं, असा माझा पक्का समज होता. आता एनव्हिडिया सांगेल तो भाव, असं मी दुकानात येणाऱ्या पोरांना सांगत होतो. आज मी तसं सांगत नाही.

तो समज अनुभवातून आलेला होता. २००२ साली एटीआयच्या (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) रेडिऑन ९७०० प्रोने एनव्हिडियाला चीत केलं. पुढच्या वर्षी उत्तर म्हणून आलेलं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा वेगापेक्षा पंख्याच्या आवाजासाठी जास्त गाजलं. आमच्या वयाच्या लोकांनी ही लढाई कुस्तीच्या फडासारखी पाहिली. शेवटची कुस्ती जो मारेल तो खरा. मधल्या जोड्यांचे निकाल कुणाच्या लक्षात राहतात?

मत बदललं ते जुन्या किमती पुन्हा नीट मांडून पाहिल्या तेव्हा. जून २००८ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० आणलं ६४९ डॉलरला आणि जीटीएक्स २६० आणलं ३९९ ला. त्याच महिन्यात एएमडीचं रेडिऑन एचडी ४८७० आलं, किंमत २९९ डॉलर. महिनाभरात एनव्हिडियाने २८० चा भाव ४९९ वर आणि २६० चा २९९ वर आणला. हा प्रसंग मी वर्षानुवर्षं माझ्या समजाचा पुरावा म्हणून सांगत आलो. पण एएमडीने तेव्हा सगळ्यात मोठी चिप केलीच नव्हती! एनव्हिडियाची चिप ५७६ चौरस मिलिमीटरची, एएमडीची २५६ ची. मोठ्या चिपचा हट्ट सोडून परवडणारं कार्ड चांगलं करायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. भाव पाडला तो त्या मधल्या कार्डाने.

याच्या उलट, एएमडी खरोखर वर चढली तेव्हा काय झालं? २०२० मध्ये आरएक्स ६९०० एक्सटी ९९९ डॉलरला आलं, २०२२ मध्ये ७९०० एक्सटीएक्सही ९९९ लाच. एनव्हिडियाची त्या वेळची सर्वांत महाग कार्डं १,४९९ आणि १,५९९ डॉलरची. एएमडीने एनव्हिडियाचीच शिडी धरली आणि एक पायरी खाली उभी राहिली. खालच्या गिऱ्हाइकाच्या पदरात त्यातून फारसं काही पडलं नाही.

आणि खालचं गिऱ्हाईक म्हणजे जवळजवळ सगळंच गिऱ्हाईक. गेम विकणाऱ्या स्टीमच्या पाहणीत जगात सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड म्हणून कित्येक वर्षं जीटीएक्स १०६० पहिलं होतं. ते जुलै २०१६ मध्ये २४९ डॉलरला आलं, त्याच्या थोडंच आधी एएमडीने १९९ डॉलरपासून आरएक्स ४८० आणलं होतं. त्या वर्षीही एएमडीकडे वरचं कार्ड नव्हतं. तरी माझ्या मते सामान्य गेमरसाठी ते अलीकडचं सर्वांत चांगलं वर्ष.

बीडमधून पाहिलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. एनव्हिडियाचं सगळ्यात वरचं कार्ड आरटीएक्स ५०९०, २०२५ मध्ये आलं तेव्हा त्याची भारतातली जाहीर किंमत २,१४,००० रुपये होती. एकटं कार्ड ५७५ वॅट खातं, एसएमपीएस हजार वॅटचा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, खोलीत एसी नसतो, घरचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे धरतो. माझ्याकडे येणारा मुलगा व्हॅलोरंट आणि जीटीए खेळतो, लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करून चार पैसे कमावतो. सोबत आलेले वडील एकच विचारतात, “सर, हे किती वर्षं चालंल?” त्यांना व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, किती घ्यावी हे मी समजावून सांगतो, कारण उत्तर तिथे आहे. ५०९० ला टक्कर कोण देणार, या प्रश्नाचा त्या बापलेकाशी काही संबंध नाही.

मार्च २०२५ मध्ये एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी आलं. जाहीर किंमत ५९९ डॉलर, १६ जीबी व्हीरॅम. त्याच्या जवळपास चालणारं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय ७४९ चं. जाहीर किमतीला ९०७० एक्सटी बरेच दिवस हाताला लागलं नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही वरचं मैदान सोडलेल्या कंपनीने गिऱ्हाइकाला जे दिलं, ते ७९०० एक्सटीएक्सने दिलं नव्हतं.

वरच्या टोकाचं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही. २०१७ मध्ये एनव्हिडियाचं १०८० टीआय ६९९ डॉलरला मिळत होतं, २०२५ मध्ये ५०९० ची जाहीर किंमत १,९९९ होती, आणि तिथे एनव्हिडियाला अडवणारं कुणी नाही. पण त्याचं कारण एएमडीची माघार एवढंच नाही. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर, त्यातली गेमिंगची ११ अब्जांच्या आसपास. बाकी बहुतेक एआय चालवणाऱ्या डेटा सेंटरची. दोन्ही कंपन्यांच्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडेच बनतात, आणि गेमरचं कार्ड तिथे एआयच्या चिपांसोबत रांगेत उभं असतं.

एका बाबतीत माझं मत होतं तिथेच आहे. मशिन लर्निंग शिकायचं म्हणणाऱ्या पोराला मी आजही एनव्हिडियाचंच कार्ड देतो, कारण एनव्हिडियाच्या कुडावर चालणारं सॉफ्टवेअर त्याला पहिल्या दिवसापासून लागतं. गेमिंगसाठी मात्र माझी आशा आता तिसऱ्या कंपनीवरही आहे. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं, १२ जीबी व्हीरॅमसह. माझ्या गिऱ्हाइकाला नेमकं हेच हवं आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने याच इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं, आणि आर्क कार्डांचं पुढे काय होणार याची मला तेव्हापासून काळजी लागून राहिली आहे.