चार आण्यांचं वजन

रेकॉर्डला सुई लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती किती वजनानं टेकवायची, हे विचारा पाहू एखाद्या शहाण्याला! आमच्या वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं : चार आणे. सुई उड्या मारू लागली की ते खिशातून पंचवीस पैशांचं नाणं काढून तिच्या डोक्यावर ठेवीत. त्या नाण्याचं वजन अडीच ग्रॅम. आणि चांगल्या सुईला पुरतात मुळी दोनच्या आसपास! नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा.

चार आणे २०११ साली चलनातून गेले. वडील त्याआधीच गेले होते. त्यांच्या एल.पी. माझ्याकडे आल्या आणि परवा मी नवा प्लेअर घेतला. खोक्यातून निघाला तो सुटा सुटा. कार्ट्रिजच्या पाठीला चार तारा जोडायच्या. लाल, हिरवी, पांढरी, निळी. प्रत्येक शेवईहून बारीक. चिमटा हिच्या ड्रेसिंग टेबलातून पळवला. मग आर्मच्या शेपटाचं वजन फिरवत फिरवत आर्म अधांतरी तरंगता ठेवायचा, तो शून्य. तिथून पुढं दोन ग्रॅम. शेजारचे काका म्हणाले, "एकावर ठेवा हो, रेकॉर्ड कमी झिजेल." सल्ला दयाळू, पण खोटा. फार हलकी सुई खाचेत ठरतच नाही. दोन्ही भिंतींवर आपटत जाते आणि खाचेची वाट लावते.

खरी गंमत पुढंच आहे. रेकॉर्ड कापणारी सुई सरळ रेषेत जाते. वाजवणारी मात्र खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी कमानीत फिरते. त्यामुळे दोघींची दिशा अख्ख्या रेकॉर्डभर जुळते ती दोनच ठिकाणी. रूढ हिशेबानं, मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. बाकी सगळी तडजोड. लोफग्रेन नावाच्या स्वीडिश गृहस्थानं १९३८ सालीच हे गणित मांडून ठेवलंय. मी हे हिला सांगितलं.

"दोन ठिकाणी? मग बरंच पटतं म्हणायचं त्यांचं!" असं म्हणून ही भाजी परतायला गेली.

शेवटी, खाच आर्मला सारखी आत ओढते म्हणून त्याला बाहेरून थोडा उलटा ताण दिला आणि भीमसेन जोशींची एक एल.पी. लावली. तिच्यात तार षड्जाच्या अलीकडे एक जागा आहे. तिथं आमच्याकडे सुई हटकून उडायची. चार आणेही हरत. आम्हा भावंडांना ती तान उडीसकटच पाठ. ताई आली होती, तीही ऐकत बसली. सुई त्या जागेवरून सरळ गेली. वडिलांना घरी कधीच ऐकायला न मिळालेले चार-सहा सूर खोलीत आले.

ताई दचकली. म्हणाली, "अरे, हे भलतंच काय गातायत?"