टक्, आणि पुढे काहीच नाही

पारोळ-भाताणेकडे चिखलणीची घाई असते आणि नेमका तेव्हाच जुना ट्रॅक्टर हटून बसतो. किल्ली फिरवली की 'टक्' एवढाच आवाज. जमलेल्यांतला कुणी हातोडी शोधतो. वसईच्या पूर्वपट्ट्यातला जाणता मिस्त्री आल्यावर आधी ती हातोडी दूर ठेवायला लावतो. "काका, सेल्फला मारू नका. आधी दिवा लावा."

दिवा लावून पुन्हा किल्ली फिरवायची. उजेड तसाच राहिला, तर करंट सेल्फपर्यंत, म्हणजे स्टार्टर मोटरपर्यंत, पोचतच नाही. दोष स्विचचा किंवा सोलेनॉइडचा. उजेड मरगळला, तर बॅटरी बसलीय, तिची जोडणी खराब आहे, नाहीतर सेल्फ खरोखर अडकलाय. नीट भरलेली बारा व्होल्टची बॅटरी उभ्या ट्रॅक्टरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. त्याच्या बरीच खाली असेल, तर सेल्फ खोलण्यात अर्थ नाही.

वसईत खारा वारा आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, अर्थची पट्टी चासीला जिथे बोल्टने धरलेली असते तिथे गंज शिरतो. वरून सगळं घट्ट दिसतं, आतून करंटची वाट बंद! मिस्त्री बोल्ट काढतो, पॉलिशपेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासतो आणि पुन्हा आवळतो. नवा सेल्फ आणायला निघालेल्या मालकाचं काम पुष्कळदा इथेच होतं.

सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरच्या दात्यांत रुतून बसलं असेल, तर उपाय वेगळा. इंजिन बंद, वरचा गिअर, आणि ट्रॅक्टर हातांनी मागे लोटायचा. 'खट्' झालं की सुटला. बेंडिक्स जातीच्या काही सेल्फांना मागे टोपीखाली दांड्याचं चौकोनी टोक असतं. ते पान्याने फिरवूनही पिनियन सोडवता येतं.

'बेंडिक्स' हे खरं तर माणसाचं आडनाव, अमेरिकेच्या व्हिन्सेंट बेंडिक्सचं. त्याची युक्ती साधी: दांड्याला आटे, त्यावर पिनियन. दांडा झटक्यात फिरला की जड पिनियन मागे रेंगाळतं, आट्यांवरून पुढे सरकतं आणि दात्यांत बसतं. इंजिन चालू झालं की तेच त्याला परत ढकलतं. म्हणून ते आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. मायेपोटी मालक तिथे ग्रीस भरतो. त्यावर क्लचची धूळ बसते, चिखल होतो आणि पिनियन जागच्या जागी थिजतं. अडकलेले कितीतरी सेल्फ असे लाडाने बिघडलेले असतात.

दुसरं कारण मिस्त्री बोटांनी शोधतो. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनच्या दाबामुळे बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं. पिनियन वर्षानुवर्षं त्याच दात्यांवर आदळतं. ते झिजतात, बाकीचे नव्यासारखे राहतात. हे दुरुस्त करायला ट्रॅक्टर मधोमध वेगळा करून फ्लायव्हील उघडावं लागतं. रिंग तापवून काढायची आणि पाव वळसा फिरवून बसवायची. काम मोठं, पण न झिजलेले दाते कामाला लागतात.

या ट्रॅक्टरांचं मूळ फार लांब नाही. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये एकत्र येऊन जी कंपनी काढली, तिचा बी-२७५ ट्रॅक्टर कांदिवलीत तयार होई. विरारहून लोकलने तासाच्या आत. अशा यंत्राचा सेल्फ खोलून कार्बन, बुश बदलता येतात, आर्मेचर पुन्हा गुंडाळता येतं. ते येणारे हात असताना भंगारात देणं चुकीचंच.

एकच सवय मात्र मिस्त्री कुणाला करू देत नाही: पेचकसाने सोलेनॉइडची दोन टोकं जोडून ट्रॅक्टर चालू करणं. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो चालू होताक्षणी पुढे सुटतो आणि जोडणारा माणूस चाकाजवळच उभा असतो. यंदा तुमचा सेल्फ अडकला, तर सीटवर बसून गिअर न्यूट्रल आहे का ते हाताने हलवून बघा, आणि मगच किल्ली फिरवा.