बुबुळाचा डॉक्टर आणि आपली मय्यत

डोळ्यात फूल पडणे म्हणजे काय, हे खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. ऊस तोडताना पाते लागते, मळणीत भाताचे कूस उडते. जखमेत बुरशी शिरली की बुबुळाचा पारदर्शक पडदा पांढरा पडतो. अशा डोळ्यांचे डॉक्टर वेगळे असतात. मोतीबिंदूच्या सर्जनला भिंग कारखान्यातून मिळते. बुबुळ बदलणाऱ्याला मात्र कुणाच्या तरी घरच्या दुःखाच्या दाराशी थांबावे लागते.

डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांची सारी कारकीर्द या दाराशी गेली असे म्हणता येईल. गुंटूरला एमबीबीएस, दिल्लीच्या एम्समध्ये नेत्रविद्या आणि 1974 साली अमेरिका. तिथे बुबुळाच्या आजारांत प्रावीण्य मिळवून ते रॉचेस्टरला शिकवत होते. अमेरिकेत पहिली नेत्रपेढी 1944 सालीच न्यूयॉर्कमध्ये निघाली होती, त्यामुळे तिथल्या सर्जनच्या मागे पेढीची व्यवस्था उभी होती. ती सोडून ते परतले. सिनेदिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांनी जमीन आणि पैसा दिला आणि 1987 मध्ये हैदराबादेत संस्था उभी राहिली. निम्म्याहून अधिक रुग्णांवर तिथे मोफत उपचार होतात.

मला मोठी वाटते ती 1989 ची गोष्ट. त्यांनी नेत्रपेढी काढली आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळांत समुपदेशक बसवले. कुणी दगावले की ही माणसे नातेवाइकांजवळ जातात आणि हळू आवाजात विचारतात. ऑपरेशनपेक्षा हे विचारणे अवघड असावे!

हैदराबादसारख्या शहरात हा प्रश्न मुस्लिम घरांतही जाणारच. आपल्याकडचे अनेक उलेमा म्हणतात, शरीर अल्लाहची अमानत आहे, ते देण्याचा हक्क आपल्याला नाही. हा आक्षेप श्रद्धेतून येतो, त्याची टिंगल मी करणार नाही. पण 1988 साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मृताची किंवा वारसांची संमती असेल तर काही अटींवर अवयवदानाला मान्यता दिली. त्या ठरावात बुबुळाचा वेगळा उल्लेख आहे: आजारामुळे काढलेल्या डोळ्याचे बुबुळ दुसऱ्याला बसवणे जायज. गंमत म्हणजे बुबुळरोपणाची सुरुवातच तशी झाली. 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमोउत्समध्ये डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या मजुराला बुबुळ बसवले, ते एका 11 वर्षांच्या मुलाच्या इजा झाल्यामुळे काढाव्या लागलेल्या डोळ्याचे होते.

मला खटकते ते वेगळेच. बुबुळ बसवून घेताना ते कुणाचे, हिंदूचे की ख्रिश्चनाचे, हे आपण विचारत नाही, आणि विचारूही नये. फतवा आठवतो तो द्यायची वेळ आली की. घेणे चालते तर देण्याबद्दल मोहल्ल्यात, जुम्म्याच्या बयानात निदान चर्चा तरी व्हावी.

लोकांना भीती असते चेहरा विद्रूप होण्याची आणि दफनाला उशीर होण्याची. बुबुळ मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावे लागते, त्याला अर्धा तासही लागत नाही, चेहरा पूर्वीसारखाच दिसतो. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदू काढलेल्यांचेही चालते. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवायचे. गुसल, कफन, जनाजा ठरल्या वेळीच होतात.