काम आणि कार्य

नववीत असताना भौतिकशास्त्राची सूत्रे मी पाढ्यांसारखी म्हणत असे. ‘व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी.’ भोवतीचे पुस्तक मराठी, अक्षरे रोमन, उच्चार बेळगावी आणि डोक्यात काहीच नाही, अशी ती स्थिती होती. आमच्या मराठी शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींनी एक दिवस ते सूत्र फळ्यावरून पुसून टाकले आणि त्या जागी लिहिले : आरंभीच्या वेगात, त्वरणामुळे त्या काळात पडलेली भर मिळवली की अंतिम वेग मिळतो. मग विचारले, ‘थांब्यावरून बस सुटली. दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला २ मीटरने वाढतो आहे. ५ सेकंदांनी वेग किती?’ साऱ्या वर्गाने एकदम उत्तर दिले, सेकंदाला १० मीटर. ‘त्वरण’ हा शब्द जड होता. पण वर्तमानपत्रातील ‘त्वरित पाहिजेत’ या जाहिराती आम्ही रोज पाहत होतो. नाते जुळायला तेवढे पुरले.

पुढचा धडा कार्याचा. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. आमच्या घरांत ‘कार्य’ म्हणजे लग्न, त्यामुळे ‘कार्य शून्य झाले’ या वाक्यावर निम्मा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. माझे वडील रविवार पेठेत हमाली करीत. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने एकसारख्या वेगाने चालणाऱ्याचे बल वर, विस्थापन आडवे. म्हणून ओझ्यावर घडलेले कार्य शून्य, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले होते.

रात्री जेवताना मी हे आप्पांना सांगितले. ते म्हणाले, ‘असंल, खरं दिवसभर घाम गळला तो कशाचा?’ (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, हे दूरच्या वाचकांसाठी.) मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, ‘वडिलांना सांग, काम झाले, कार्य झाले नाही. अन्नातून मिळालेली ऊर्जा स्नायूंत खर्च झाली, तिची उष्णता झाली, म्हणून घाम. पोत्याला त्यातले काही मिळाले नाही.’ मग त्यांनी माझ्याकडून गणित करून घेतले. ५० किलोचे पोते जमिनीवरून १.२ मीटर उंच लॉरीत चढवले, तर ५० गुणिले ९.८ गुणिले १.२, म्हणजे ५८८ ज्यूल. आप्पांनी तो आकडा ऐकला आणि विचारले, ‘आणि शंभर पोती?’ ५८,८०० म्हटल्यावर त्यांचे समाधान झालेले दिसले.

पी.यू.सी.ला सारे इंग्रजीत आले. शेजारी कन्नड माध्यमातून आलेला मुलगा बसत असे. पहिल्याच आठवड्यात आमचा वाद झाला. मी म्हणे, शक्ती म्हणजे पॉवर. तो म्हणे, शक्ती म्हणजे एनर्जी. दोघेही बरोबर होतो. कन्नड पुस्तकांत ऊर्जेला ‘शक्ती’ म्हणतात आणि आपल्या शक्तीला ‘सामर्थ्य’. वस्तुमानाला ते ‘राशी’ म्हणतात. आपल्याकडे मोजता येईल ते काहीही राशीच. बल, वेग, संवेग, जडत्व हे शब्द मात्र दोन्हीकडे तेच. एकाच कोठारातून उचललेले दाणे दोन घरांत वेगवेगळ्या डब्यांत भरले गेले होते. एककांनी वाद मिटवला : ज्यूलमध्ये मोजतो ती त्याची शक्ती, वॅटमध्ये मोजतो ती माझी. कार्याला मात्र त्याच्याकडे ‘केलस’ हा एकच शब्द होता, शेतातल्या कामालाही तोच. हमालाचे कोडे मी त्याला सांगितले, तेव्हा शब्दांत पकडायला त्याला माझ्यापेक्षा कष्ट पडले. कोडे सुटल्यावर मात्र त्याने ते माझ्याहून नेटके मांडले.

मराठी शाळांसाठी आणि मराठी कागदपत्रांसाठी आपण भांडतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या पुस्तकातील वाक्य मास्तरांनाही मोठ्याने बोलता येत नाही, ते देवनागरीत छापले म्हणून मराठी होत नाही, असे माझे मत आहे. ते बोलून दाखविणारे गुरुजी मला भेटले, हे भाग्य.

शेजारची इंग्रजी माध्यमातली मुलगी अलीकडे सूत्रे घेऊन माझ्याकडे येते. ‘डब्ल्यू इज इक्वल टू एफ एस’ तिने घडाघडा म्हटले. मी म्हटले, ‘हेच आजीला सांग बघू.’ ती अडखळली. मग हमालाची गोष्ट सांगितली. थोडा वेळ विचार करून तिने विचारले, ‘आणि काका, आई पाण्याची बादली घेऊन जिना चढते तेव्हा?’ आम्ही पट्टी घेऊन जिन्यात गेलो. १५ सेंटीमीटरच्या २० पायऱ्या, म्हणजे ३ मीटर. १० लिटर पाणी, म्हणजे १० किलो. २९४ ज्यूल झाले. वहीत उत्तराखाली रेघ ओढल्यावर, बादली स्वतः किती किलोची ते धरायचे राहिले, हे तिच्याच लक्षात आले आणि ती वजनकाटा आणायला घरी पळाली.